कोरं पातेलं

पातेलं हॉस्पिटलात न्यायचं की घरी ठेवायचं, यावर त्या सकाळी अर्धा तास गेला. आईला धाप लागत होती, गाडी दारात उभी होती, आणि तिची तिन्ही मुलं स्वयंपाकघरात पातेल्याभोवती उभी राहून वाद घालत होती. मधली म्हणाली, तिथे सगळं झाकलेल्या ताटात येतं, हे ओझं कशाला? थोरला म्हणाला, नियम तो नियम. धाकट्यानं दोघांचं ऐकून घेतलं, पातेलं फडक्यात बांधलं आणि मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसला.

रविवारऐवजी शनिवार पाळणाऱ्या आणि डुक्कर अशुद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत आल्यावर आईच्या वडिलांनी डुकराच्या मटणाचं दुकान बंद केलं आणि सुऱ्या नदीत टाकल्या, त्याच आठवड्यात हे पातेलं घरात आलं होतं. ज्याला डुकराची चरबी कधी लागली नाही असं त्या घरातलं ते पहिलं भांडं. तेव्हापासून घराण्यातलं कोणीही परक्याकडे जेवायला गेलं की पातेलं सोबत जाई. ते लग्नांना गेलं, मयतांना गेलं, मधलीच्या बाळंतपणाला गेलं. यजमान मनातून चिडत आणि तोंडावर हसत. ख्रिस्ती माणसानं डुक्कर का वर्ज्य करावं हे दुसऱ्या ख्रिस्ती माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं आई म्हणे, आणि समजावत बसण्याऐवजी पातेलं पुढे करी.

जावईही डुक्कर खात नसे, पण त्याचं कारण पायाच्या अंगठ्यात होतं. तिथे सूज येऊन तो लंगडायला लागला तेव्हा डॉक्टरनं त्याला मांसाहारच कमी करायला सांगितला होता. सासूजावयाच्या ताटात न येणारा पदार्थ एकच, पण आईच्या लेखी जावयाचं न खाणं हे न खाण्यात जमाच नव्हतं. "तुमचं पथ्य आहे," ती त्याला प्रेमानं सांगे, "आमची ती देवाची आज्ञा आहे." जावई मान डोलवायचा आणि भाजी वाढून घ्यायचा.

आता या सगळ्यावर डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं होतं. आईच्या हृदयातली एक झडप गळत होती आणि ती बदलावी लागणार होती. धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवायचं औषध जन्मभर घ्यावं लागतं, आणि आईच्या पोटात जुना अल्सर. ते औषध तिला सोसलं नसतं. बैलाच्या हृदयाभोवतालच्या पडद्यापासून केलेली झडप असते, पण तिची चौकट उंच पडते आणि आईचं हृदय लहान, तेव्हा तीही बाद. उरली ती डुकराच्या हृदयातून घेतलेली. काहीच केलं नाही तर उन्हाळा निघेल असं सांगता येत नाही, एवढंही डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

आणि थोरल्यानं काय करावं? गेल्या शनिवारी उपासना संपताना तो मंडळीसमोर उभा राहिला. तो मंडळीचा एक वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, त्याच्या शब्दाला वजन. त्यानं जाहीर केलं, की माझी आई देवाघरी जाईल, पण अशुद्ध जनावराचा तुकडा शरीरात घेणार नाही. सगळी मंडळी उठून उभी राहिली. बायकांनी डोळे पुसले, मग गाणं झालं, चार स्वरांत, फार सुरेख. आई पहिल्या रांगेत खुर्चीचे हात धरून बसली होती. ती काहीच बोलली नाही, आणि तिचं न बोलणं सगळ्यांनी संमती धरलं.

तेव्हापासून मधलीनं थोरल्याशी अबोला धरला होता. बोलायची ती फक्त पातेल्यावरून.

*

हॉस्पिटलात पुन्हा एकदा हृदयाची तपासणी झाली. खोलीत एकालाच जाता येत होतं, थोरला गेला. आईला कुशीवर निजवून एका मुलीनं तिच्या छातीवर थंड जेली लावली आणि यंत्राची मूठ टेकवली. पडद्यावर आधी नुसता राखाडी धूर दिसला. मग धुरातून आकार निघाला आणि थोरला उभा होता तिथेच थिजला.

तो शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपघरावर इंजिनिअर होता. उभी हयात त्यानं झडपांत काढली. पाणी पुढे जाऊ देणारी आणि मागे न येऊ देणारी झडप गळायला लागली, की पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा उचलत राहतो आणि आतल्या आत झिजतो, हे तो पाइपाला कान लावून सांगू शकत असे. आता त्याच्या समोर तीच झडप होती. दोन पातळ पानं उघडत होती, मिटत होती. एक नीट मिटत होतं. दुसरं अर्ध्यावर येऊन मागे सटकत होतं आणि त्या फटीतून रक्त उलटं फिरत होतं. यंत्र ते निळ्या-लाल रंगात दाखवत होतं.

"हे थांबत नाही का कधी?" त्यानं विचारलं. प्रश्न खुळा होता हे विचारताना त्यालाच कळत होतं.

मुलगी म्हणाली, "थांबलं की आपण इथे नसतो."

त्याच्या पंपघरात प्रत्येक पंपाला जोडीचा दुसरा पंप होता. एक दुरुस्तीला उघडला की दुसरा चालू करायचा. इथे दुसरा नव्हता. हा एकच, आई जन्मायच्या आधीपासून सुरू झालेला, तिच्या लग्नात, शिलाई मशीनवर वाकलेल्या सगळ्या वर्षांत, तिच्या झोपेतसुद्धा एकदाही न थांबलेला. आणि याच पंपाखाली आपण नऊ महिने झोपलो होतो. या आवाजाच्या आधीचं आपल्याला काहीच ठाऊक नाही. देवाच्या कामाबद्दल त्यानं आयुष्यभर प्रवचनं केली होती, पण ते काम चालू असताना तो आज पहिल्यांदा पाहत होता. त्याला गुडघे टेकावेसे वाटले, पण खोलीत तेवढी जागा नव्हती. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि ते लंगडं पान पुन्हा पुन्हा मिटायचा प्रयत्न करताना बघत राहिला.

त्या पानाच्या जिवावर आपण मंडळीत टाळ्यांसारखं गाणं मिळवलं, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

*

आईला खोलीत आणून निजवलं. बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर मधली, जावई आणि पातेलं मांडीवर घेतलेला धाकटा बसले होते. मधली पदर खोचून तयार होती. आठवडाभर तिनं मुद्दे गोळा केले होते. गच्चीवर प्रार्थना करता करता तंद्री लागलेल्या शिष्याला आकाशातून उतरणारी चादर दिसली, तीत सगळी जनावरं होती आणि देवानं त्याला खा म्हणून सांगितलं, तो दाखला ती सगळ्यात शेवटी काढणार होती. हा दाखला घरात नवा नव्हता. आईनं तो ऐकला की ती दरवेळी विचारायची, एवढ्या मोठ्या चादरीला दुमड कोणी घातली असेल?

थोरला आला आणि मधलीनं तोंड उघडायच्या आत म्हणाला, "झडप बसवू या."

मधलीचे सगळे मुद्दे हातातच राहिले. ती त्याच्याकडे बघत बसली. मग तिनं अबोला मोडला तो अशा शब्दांत, की दादा, आठ दिवस मी रडतेय आणि तुला आज कळलं? थोरल्यानं मान खाली घातली. शनिवारी मी चुकलो, म्हणाला. नियम माणसासाठी असतो, हे मलाच इतरांना सांगायची सवय आहे. मधलीचा राग ओसरला आणि तिनं त्याला बाकावर जागा करून दिली. दोघं लहानपणानंतर पहिल्यांदा एका बाजूला आले होते.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "नको."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. धाकटा म्हणजे घरातला नाठाळ. उपासनेला वर्षातून दोनदा येणारा, मोठ्या हॉटेलात भट्टीवर उभा राहणारा. तिथे डुक्कर रोज शिजतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो ते खातही असणार हे न बोलता ठरलेलं होतं. आई फक्त त्याच्या हातचं खाण्याआधी विचारी, "हात धुतलेस ना?"

"तू बोलतोस?" थोरला म्हणाला. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. "रोज तेच ढवळतोस आणि इथे आईला नको म्हणतोस?"

"ढवळतो. चाखलं नाही कधी."

"म्हणजे?"

"म्हणजे जिभेवर ठेवलं नाही. एकदाही नाही."

मधली म्हणाली, "मग मीठ कसं कळतं तुला?"

"वासावरून. शिजताना वास बदलतो, मीठ कमी असलं तर सपक येतो. अगदीच शंका आली तर शेजारच्या भट्टीवरचा चाखतो आणि मला मान हलवून सांगतो. तिथे सगळ्यांना माहीत आहे. हसतात." धाकट्यानं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "कामावर पहिल्या दिवशी जाताना आई म्हणाली होती, हात बरबटू देत, जीभ नको. बस, तेवढंच."

व्हरांड्यातून कोणी तरी स्ट्रेचर ढकलत नेलं. बाकावरच्यांनी पाय आत घेतले.

"मला शास्त्रातलं कळत नाही, दादा. देव आहे का, हेसुद्धा मला रोजच्या रोज कळत नाही. पण एवढी एक गोष्ट मी तिच्यासाठी धरून ठेवली. मी जर एक घास टाळू शकतो, तर तिनं आयुष्यभर जे टाळलं ते तिच्या काळजात शिवायचं? ती जगेल, मला मान्य आहे. पण उठल्यावर स्वतःच्या छातीवर हात ठेवायला कचरेल. मला ती तशी नको."

थोरल्यानं धाकट्याच्या मांडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. मंडळीचा वडील तो, शास्त्र त्याला पाठ, आणि नियम पाळत आला होता हा, डुकराच्या वाफेत उभा राहून, कोणाला पत्ता लागू न देता. त्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकट्यानं तो झटकला नाही, पण मानही हलवली नाही. मधली रडायला लागली. आता ती कोणाच्या बाजूची आहे हे तिचं तिलाच सांगता येईना.

तेव्हा जावई, जो या घराच्या कुठल्याच वादात पडत नसे, खाकरला. "एक विचारू? आईंना कोणी विचारलंय का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच, कोणी विचारलं नव्हतं.

*

दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. आईनं सगळं ऐकलं होतं. ते चौघं आत आले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती, ओठ निळसर, डोळे मात्र सुई ओवतानाचे.

ती धाकट्याला म्हणाली, "मीठ खरंच वासावरून कळतं?"

"कळतं."

"मी तुला रोज हात धुतलेस का म्हणून विचारत आले," ती म्हणाली आणि पुढचं बोलायला तिला दम खावा लागला. तिनं त्याचा हात ओढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि आपल्या गालाला लावला. पोराच्या तोंडाबद्दल तिनं इतकी वर्षं मनात जे धरलं होतं, त्याची तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, आपल्या एका वाक्याला कोणी इतकं जपलं याचं तिला नवल वाटलं. एवढं तर तिनं स्वतःही देवाचं कुठलं वाक्य जपलं नसेल.

मग ती थोरल्याकडे वळली. "तू माझ्या मरणाची घोषणा केलीस आणि त्यांनी उभं राहून गाणं म्हटलं. गाणं चांगलं म्हटलं. पण मला मरायचं आहे का, हे विचारशील असं मला वाटलं होतं."

"तू का नाही बोललीस?"

"चारशे माणसं रडत होती रे. त्यांना खाली बसा कसं म्हणू?"

कोणी हसलं नाही, पण खोली जराशी सैल झाली. आई म्हणाली, ती झडप मला बघायची आहे. पाहिल्याशिवाय मी कापड घेत नाही, तर हे कसं घेऊ? मधली जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आली. त्यांच्याकडे दाखवायला ठेवलेली एक झडप होती, काचेच्या डबीत. त्यांनी ती आईच्या तळहातावर ठेवली.

अंगठीपेक्षा थोडी मोठी, पांढरी कडी. कडीला कापडाचं अस्तर. आत तीन पातळ पानं, सायीच्या रंगाची, एकमेकांच्या कडेला कडा लावून मिटलेली. आईनं चष्मा मागितला. तिनं आयुष्यभर लग्नाचे पोशाख शिवले होते. मणी आणि जाळी यांच्या कामात तिची नजर अधू झाली होती. ती झडप उजेडाकडे धरून फिरवत राहिली.

"हे हातानं शिवलंय," ती म्हणाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हो, हातानंच. बायका शिवतात. भिंगाखाली बसून, टाका टाका करून. एक झडप शिवायला दिवस मोडतात.

"एकही टाका ओढलेला नाही. सैलही नाही." आईचा आवाज बारीक झाला. कुठे तरी एक बाई भिंगाखाली मान मोडून बसली होती आणि आपल्याला कधीही न दिसणाऱ्या माणसाच्या काळजाला अस्तर लावत होती. ती नवरीचा पोशाख शिवत नव्हती, की कोणी तिचं नाव विचारणार नव्हतं. आईनं करंगळी पुढे केली आणि अगदी हलक्या हातानं त्या पानांवर टेकवली. पानं वाकली आणि उघडली.

तिला एकदम दुकानाचा मागचा नळ आठवला. ती आठेक वर्षांची होती. बाबा दुकानात सुरी चालवत आणि ती मागे बसून काळजं धुवायची. वरच्या जाड नळीतून पाणी ओतलं की आत तीन पानं फुगून मिटायची आणि पाणी खाली गळायचंच नाही. ती पुन्हा पुन्हा ओतायची. मग करंगळी घालायची आणि पानं करंगळीभोवती मिटायची, गार आणि मऊ. एकदा बाबांनी पाहिलं आणि ते म्हणाले, "बोट काढ. ते दार तुझ्यासाठी केलेलं नाही." पुढे बाबांनी ते सगळं सोडलं, आणि तिनंही ते आठवायचं सोडून दिलं. अशुद्ध म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या गोष्टीत तिनं लहानपणी पहिल्यांदा देवाची कारागिरी पाहिली होती, हे ती विसरूनच गेली होती.

तिनं हे सगळं त्यांना सांगितलं, थांबत थांबत. थोरला पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकत होता. डॉक्टरबाईंना दुसरीकडे जायचं होतं, तरी त्या दारात उभ्या राहिल्या.

"बसवा," आई म्हणाली.

धाकटा म्हणाला, "आई, माझ्या बोलण्यावरून नको. आणि दादाच्याही नको."

"तुमच्या कोणाच्याच नाही. खाऊ नको म्हणून आज्ञा आहे. ती मी मोडलेली नाही आणि मोडणारही नाही." तिनं झडप डबीत ठेवली, टोपण लावलं आणि त्यावर तळहात ठेवला. "आजवर ते घाण म्हणून खाल्लं नाही. आता उपकार म्हणून खायचं नाही. ज्यानं आपलं दार काढून मला दिलं, त्याला मी ताटात घेईन?"

डबी तिनं मधलीच्या हातात दिली. मग ती थोरल्याला म्हणाली, "आणि तू शनिवारी उभं राहून सांगायचं, की आईला विचारायचं राहून गेलं होतं."

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर चौघं एका रांगेत बसले. कोणी कोणाच्या विरुद्ध नव्हतं, त्यामुळे बोलायला काही सुचत नव्हतं. दुपारनंतर डॉक्टरबाई बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाल्या, मिटतेय. छान मिटतेय. थोरला रडला आणि मधलीनं त्याला धरलं. जावई पाणी आणायला म्हणून गेला आणि जिन्यात एकटाच उभा राहून आला.

आई बसती झाली तेव्हा थोरल्यानं तिची परवानगी मागितली आणि पंपघरात लावतो तसा तिच्या पाठीला कान लावला. आत दार मिटत होतं, पुन्हा मिटत होतं, मागे काहीच येत नव्हतं. आईनं विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, माझ्या खात्यात असं काम कोणाला जमलेलं नाही. धाकट्यानं पातेल्यात आणलेलं डाळीचं पाणी तिला चमच्यानं पाजलं. हात धुतलेस का, असं तिनं विचारलं नाही.

शनिवारी थोरल्यानं मंडळीत उभं राहून जे सांगायचं होतं ते सांगितलं. या वेळी कोणी उठलं नाही आणि गाणंही झालं नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं वडीलपण काढून घेण्यात आलं. तो मागच्या रांगेत बसू लागला. एक म्हातारी मात्र उपासना संपल्यावर त्याच्याजवळ आली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, विचारलंत ते बरं केलंत.

धाकटा कामावर परतला त्या दिवशी मालात एक अख्खं काळीज आलं होतं, डुकराचं. एरवी त्यानं ते दोन घावांत चिरलं असतं. आज तो ते घेऊन नळाखाली उभा राहिला. त्यानं वरच्या नळीतून पाणी ओतलं आणि आत वाकून पाहिलं. तीन पानं फुगून मिटली. त्यानं टोपी काढून खिशात ठेवली आणि करंगळी आत घातली. पानं करंगळीभोवती मिटली, गार आणि मऊ.

शेजारच्या भट्टीवरच्यानं हाक मारली, काय झालं रे, खराब निघालं का?

"नाही," धाकटा म्हणाला. "ओळखीचं निघालं."